बाळसं

"दर तीन महिन्यांनी फ्रॉक तोकडा व्हायचा हिला," तिची आई म्हणाली. "खालची दुमड उसवून उसवून संपली. आम्हाला वाटलं, बाळसं धरतेय पोर."

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंटच्या घरच्यांशी बोलायची वेळ माझ्यावर फार क्वचित येते. माझ्या टेबलावर माणूस येतो तो तुकड्याच्या रूपात, फॉर्मालिनच्या बरणीतून. बरणीवर चिठ्ठी असते. नाव, वय, तुकडा कुठून काढला ते. चिठ्ठीपलीकडचं माणूस मला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच हे काम इतकी वर्षं जमलं. पण हे दोघं मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक आणि त्यांच्या स्लाइड्स न्यायला आले होते, दुसरीकडे मत घ्यायचं होतं म्हणून. काउंटरवर त्यांनी विचारलं, हा रिपोर्ट ज्यांनी लिहिलाय त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का? दोन मिनिटांचा तास झाला. त्या तासात मी बरंच सांगितलं आणि त्यातलं एक वाक्य फार वाईट तऱ्हेने सांगितलं. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मुलगी तीन वर्षांची. गेले काही महिने झपाट्याने उंच होत होती. गाल भरलेले, लालबुंद. दंड-मांड्या घट्ट. बघेल तो म्हणायचा, हाडापेराने मोठी आहे, वाढ छान आहे. मग कपाळावर मुरमं आली. अंगाला घामाचा वास यायला लागला, मोठ्या माणसाच्या घामासारखा. आवाज जाडसर झाला, पण तो सर्दीनंतर तसाच राहिला असेल असं घरच्यांना वाटलं. आणि एके दिवशी अंघोळ घालताना आईला जांघेत केस दिसले. "मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तशीच बसून राहिले," ती म्हणाली. सोनोग्राफी झाली, मग सीटी. डाव्या किडनीच्या डोक्यावर गाठ होती, ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातली.

लहान मुलांमध्ये ही गाठ फार विरळा. जगभरात वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण ०.२ ते ०.३, म्हणजे एक मूलसुद्धा पुरं भरत नाही. त्यात मुलग्यांपेक्षा मुली जास्त, आणि बरीचशी मुलं पाच वर्षांच्या आतली. मोठ्या माणसात अशी गाठ पुष्कळदा काही न बोलता वाढत राहते. मुलांमध्ये ती सहसा गप्प राहत नाही. ती हॉर्मोन्स बनवते, त्यातही पुरुषी हॉर्मोन्स जास्त, आणि मूल वयाच्या कितीतरी आधी वयात यायला लागतं. पण त्याआधी काही महिने, कधी वर्षभर, ते नुसतं वाढत असतं. आणि मूल वाढतंय याची तक्रार घेऊन कोण कुठे जाणार?

बाळसं हा माझ्या फार आवडीचा शब्द. त्यात वजन आहे, तकाकी आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यांतलं समाधान आहे. जगातल्या कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात त्याला जागा नाही, तरी मूल ठीक आहे की नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यावरूनच ठरवत आलो. त्या शब्दावर त्या आईने विश्वास ठेवला यात तिचं काय चुकलं? ते भरलेले गाल कॉर्टिसॉल या हॉर्मोनचे होते, ती उंची अँड्रोजेनची, म्हणजे त्या पुरुषी हॉर्मोन्सची होती, हे डोळ्यांनी कसं ओळखावं?

गाठ माझ्या टेबलावर आली तेव्हा तिचं वजन ८४ ग्रॅम भरलं. मोठ्या माणसाची अख्खी ॲड्रिनल ग्रंथी चार-पाच ग्रॅमची असते. साडेसहा सेंटिमीटर लांब, वरून गुळगुळीत, पातळ वेष्टनातून आतला रंग डोकावत होता. सुरी चालवली तसा पिवळसर तपकिरी मऊ भाग उघडा झाला आणि मधोमध एक राखाडी पट्टा दिसला, मेलेल्या पेशींचा. वाढ इतकी वेगात झाली होती की मधल्या पेशींपर्यंत रक्त पुरं पडलं नव्हतं. आणि एका कडेला, वेष्टनाला चिकटून, नखाच्या कडेएवढी एक सोनेरी पिवळी चीर होती. ती तिची मूळ ग्रंथी. ८४ ग्रॅमच्या ओझ्याखाली चपटी होऊन तिथेच होती. मी तो भाग वेगळा कापला, वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवला. रिपोर्टसाठी त्याची फार गरज नसते. पण मी दर वेळी ठेवते.

त्या चिरेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गाठीचं कोडं तिथून सुरू होतं.

ॲड्रिनल ही शरीरातली अशी ग्रंथी आहे की जी अंगाच्या मानाने जन्मानंतरपेक्षा जन्माआधीच मोठी असते. गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास ती शेजारच्या किडनीच्या तोडीस तोड असते. बाळाच्या अंगाच्या मानाने बघितलं, तर नवजात बाळाची ॲड्रिनल मोठ्या माणसाच्या ॲड्रिनलपेक्षा दहा ते वीस पटींनी मोठी. त्यातला बहुतेक भाग एका खास थराचा असतो, त्याला गर्भथर म्हणू. हा थर जे कच्चं हॉर्मोन बनवतो त्यापासून वार इस्ट्रोजेन तयार करते आणि गर्भारपण पुढे चालतं. म्हणजे आई बाळाला पोसते तसं बाळही पोटातून आईचं गर्भारपण राखायला हातभार लावत असतं. मग बाळ जन्मतं, वार पडते, आणि गर्भथराचं काम संपतं. पहिल्या काही आठवड्यांतच ग्रंथी निम्म्यावर येते. पेशी ठरल्याप्रमाणे एकामागून एक मरतात, कुठे सूज नाही, ताप नाही, रडणं नाही. घरातले सगळे बाळ किती ग्रॅमने वाढलं ते मोजत असतात, आणि त्याच दिवसांत त्या बाळाच्या पोटात एक अवयव निमूटपणे ओसरत असतो. कलेकलेने वाढणं असं आपण म्हणतो खरं, पण चंद्राच्या कला घटतातही, हे त्या शब्दात आहेच की.

हा थर गर्भात एवढा वाढतो कशाच्या जोरावर? त्यात एका रेणूचं नाव वारंवार येतं. आयजीएफ-२. इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर, क्रमांक दोन.

या घराण्याची गोष्ट १९५७ सालच्या एका प्रयोगापासून सांगतात. सॅमन आणि डॉगडे या दोघांच्या लक्षात आलं, की वाढीचं हॉर्मोन उंदराच्या कूर्चेवर थेट टाकलं तर फारसं काही होत नाही. पण ते हॉर्मोन ज्याला दिलं आहे अशा उंदराचं रक्तद्रव टाकलं, तर कूर्चा वाढीच्या कामाला लागते. म्हणजे मधे कुणीतरी निरोप्या आहे. त्या निरोप्यांची पूर्ण रचना १९७८ मध्ये रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी लावली तेव्हा दिसलं, की दोघांचीही ठेवण इन्सुलिनची आहे. आयजीएफ-१ मध्ये ७० अमिनो आम्लं, आयजीएफ-२ मध्ये ६७. पहिला जन्मानंतरच्या वाढीचा मुख्य कारभारी. दुसऱ्याचं राज्य गर्भात.

आयजीएफ-२ पेशीच्या बाहेर येतो आणि पेशीच्या पाठीवर उभ्या असलेल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो. त्याला आम्ही आयजीएफ-१ रिसेप्टर म्हणतो, पण दोघेही भाऊ त्याच दारावर येतात. तो चिकटला की रिसेप्टरचे आत लोंबणारे दोन भाग एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, आणि तिथून निरोप हातोहात केंद्रकापर्यंत जातो. एक वाट एकेटी आणि एमटॉर नावाच्या प्रथिनांची, तिचा निरोप असतो जगा आणि प्रथिनं बनवा. दुसरी रास नावाच्या प्रथिनापासून निघते, तिचा निरोप विभागा. पेशीवर आणखी एक रिसेप्टर असतो, क्रमांक दोनचा. तो आयजीएफ-२ ला धरतो, आत ओढतो आणि पचवून टाकतो. निरोप पुढे जातच नाही. वाढ सांगणारा आणि वाढ गिळणारा, दोघं एकाच पेशीच्या पाठीवर उभे असतात.

लहान मुलांच्या या गाठींमध्ये आयजीएफ-२ चा पूर असतो. बहुतेक सगळ्या गाठींमध्ये. मोठ्या माणसांत त्याचा उपयोग निदानाला होतो, कारण तिथे साध्या गाठीत तो कमी आणि कर्करोगाच्या गाठीत जास्त सापडतो. मुलांमध्ये हा भेद चालत नाही. निरुपद्रवी गाठीतही तो तेवढाच, मारक गाठीतही तेवढाच. म्हणूनच अनेक अभ्यासकांना वाटतं, की मुलांमधली ही गाठ त्या ओसरायचं राहून गेलेल्या गर्भथराची असावी. स्लाइडवर त्या मोठमोठ्या गुलाबी पेशी बघताना मलाही तसंच वाटतं. गर्भाच्या ॲड्रिनलची स्लाइड शेजारी ठेवली तर घराणं एकच दिसतं.

आता त्या वाक्याकडे येते.

गाठीच्या पेशींची जनुकीय तपासणी दुसरीकडे झाली होती, तो कागद वडिलांच्या हातात होता. त्यांनी पेनाने एका ओळीखाली रेघ मारलेली. अकराव्या गुणसूत्रावर आईकडची प्रत गैरहजर, वडिलांकडची दोनदा. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, म्हणजे हे माझ्याकडून आलंय का?"

मी म्हटलं, "हो, वडिलांकडची प्रत डबल झालीये. मुलांच्या या गाठीत तसंच असतं बहुतेक वेळा."

माझ्या दृष्टीने ते बरोबर उत्तर होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या ३७ गाठींचं जनुकीय वाचन झालं, त्यात ९१ टक्के गाठींमध्ये अकराव्या गुणसूत्रावर हेच सापडलं, आणि गेलेली प्रत आईची होती. मी मनातल्या मनात तो आकडा वाचत होते. समोरचा माणूस काय ऐकतोय तिकडे माझं लक्ष नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. बायकोकडे बघितलं नाही. आणि मग ती म्हणाली, अगदी हळू, "आणि माझी प्रत कुठे गेली?"

एका वाक्यात मी दोघांनाही दोषी करून ठेवलं होतं. एकाचं आलं म्हणून, दुसरीचं गेलं म्हणून.

मग मी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. तेव्हा जसं जमलं तसं सांगितलं. आज त्याहून नीट लिहिते.

आपल्या प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची, आणि दोन्ही वाचल्या जातात. पण काही थोड्या जनुकांवर ठसा मारलेला असतो. त्यातली एकच प्रत बोलते, दुसरी गप्प. आयजीएफ-२ हे त्यातलंच. ते वडिलांच्या प्रतीवरूनच वाचलं जातं. डिकियारा, एफस्ट्राटियाडिस आणि रॉबर्टसन यांनी उंदरांमध्ये हे जनुक बिघडवून बघितलं. बिघडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लं नेहमीच्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरायची. तीच बिघडलेली प्रत आईकडून आली, तर पिल्लं अगदी नेहमीसारखी. १९९१ साली त्यांनी याचं कारण सांगितलं, आईची प्रत मुळात वाचलीच जात नाही. त्याच भागात शेजारी सीडीकेएन१सी नावाचं जनुक आहे. त्याचं काम पेशीचं विभाजन रोखणं. आणि ते आईच्या प्रतीवरून वाचलं जातं. डेव्हिड हेग या अभ्यासकाचं म्हणणं असं, की बापाकडच्या जनुकांचा ओढा बाळ जेवढं मोठं होईल तेवढं होऊ दे असा असतो, आणि आईकडच्या जनुकांचा ओढा हात राखून द्यायचा, कारण तिला या बाळाबरोबर पुढचीही बाळं वाढवायची असतात. याला ओढाताण म्हणतात. मला मात्र तो शब्द थोडा कडक वाटतो. प्रत्येक निरोगी मूल याच ओढाताणीत नऊ महिने काढून आपल्या मापाचं होऊन बाहेर येतं.

तर मी त्या वडिलांना म्हटलं, तुमच्या प्रतीत काही बिघाड नाही. ती जशी असायला हवी तशीच आहे. तुमची मुलगी पोटात वाढली ती त्याच प्रतीवर. जन्मताना किती होती? "तीन किलो शंभर," त्यांनी लगेच सांगितलं. मी म्हटलं, त्या तीन किलो शंभरमध्ये त्या प्रतीचा वाटा होता. पुढे कधीतरी, ॲड्रिनलच्या एका पेशीत, ती विभागताना चूक झाली आणि आईची प्रत सुटून वडिलांची दोनदा आली. एकाच पेशीत. रक्त तपासलं तर दोन्ही प्रती जागच्या जागी आहेत, हे बघा कागदावर.

"पण माझीच का सुटली?" तिने परत विचारलं. तिचा तो हट्ट मला आवडला. तिला धीर नको होता, कारण हवं होतं.

कारण असं. अशा चुका कुठल्याही बाजूने होऊ शकतात. एखाद्या पेशीत वडिलांची प्रत सुटत असेल, आईची दोनदा येत असेल. पण त्या पेशीत वाढीचा निरोप निघत नाही, रोखणारं जनुक दुप्पट होतं, आणि ती पेशी कुणाला न कळता मागे पडते. तिची गाठ होत नाही, ती माझ्या टेबलावर येत नाही. जिच्यात आईची प्रत सुटली, तिला निरोप दुप्पट आणि रोखणारं कुणी नाही. तीच वाढली, तीच आपल्याला दिसली. ती तुमची प्रत होती म्हणून सुटली नाही. सुटली तेव्हा थांबवणारं उरलं नाही, म्हणून ती आपल्याला कळली.

तिने तो कागद मागून घेतला. माझ्या वेड्यावाकड्या रेघांचा. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

एखाद्या मुलात ही चूक गर्भाच्या अगदी सुरुवातीला झाली, तर ती अंगभर पसरते, काही पेशींत असते, काहींत नसते. मूल मोठं जन्मतं, जीभ मोठी, कधी एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड. १९६० च्या दशकात बेकविथ आणि वीडमन यांनी वेगवेगळं ज्याचं वर्णन केलं तो हाच आजार. यातल्या काही मुलांना पुढे किडनीची, यकृताची किंवा ॲड्रिनलची गाठ होते. सुरुवात तीच, फक्त कुठल्या घटकेला झाली त्यावर सारं ठरतं.

पण वाढीच्या निरोपाने एकट्याने गाठ होते का? हा प्रश्न प्रयोगशाळेत उंदरांना घालून बघितला गेला आहे. त्यांच्या ॲड्रिनलमध्ये आयजीएफ-२ वाढवून ठेवला. एवढ्यानेच कर्करोग झाला नाही. आणखी काहीतरी निसटावं लागतं. मुलांमध्ये ते बहुतेकदा सतराव्या गुणसूत्रावर असतं, पी५३ नावाच्या प्रथिनाचं जनुक. पेशीत बिघाड झाला की हे प्रथिन तिला थांबवतं, दुरुस्त करायला लावतं, नाहीतर मरायला लावतं. ३७ गाठींच्या त्याच अभ्यासात ७६ टक्के गाठींमध्ये सतराव्या गुणसूत्राचीही एक प्रत गेलेली होती.

दक्षिण ब्राझीलमधल्या मुलांमध्ये ही गाठ जगातल्या इतर भागांपेक्षा दहा ते पंधरा पटींनी जास्त आढळते. त्याचं कारण २००१ साली सापडलं. ३६ मुलांपैकी ३५ जणांमध्ये पी५३ मध्ये एकच, अगदी तोच बदल होता. ३३७ व्या जागेवर आर्जिनिन हवं तिथे हिस्टिडिन. पी५३ चे चार रेणू एकमेकांत गुंतून काम करतात, आणि ही जागा त्या गुंतण्याची आहे. बदललेलं प्रथिन एरवी बरं चालतं, पण पेशीतली आम्लता थोडी घटली की चौघांची गुंफण सैल पडते. हा बदल तिथल्या बहुतेक कुटुंबांमध्ये एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. पुढे पराना राज्यात १,७१,६४९ नवजात बाळांची तपासणी केली, त्यात ४६१ बाळांमध्ये तो सापडला. त्यातल्या बहुतेकांना ही गाठ कधीच होत नाही. पण ज्या मुलांना नियमित तपासणीत ठेवलं, त्यांच्यातल्या गाठी लहान असतानाच हाताला लागल्या.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं नाही. त्यांच्या मुलीच्या रक्तात पी५३ चा दोष नव्हता, त्या निकालासाठी त्यांनी तीन आठवडे वाट बघितली होती, तेवढं पुरे होतं.

त्यांना माझ्याकडून हवं होतं ते दुसरंच. माझ्या रिपोर्टमध्ये एक शब्द होता, अनिश्चित. वडील म्हणाले, "कॅन्सर आहे की नाही, यात अनिश्चित काय असतं?"

असतं. मोठ्या माणसांच्या ॲड्रिनलच्या गाठी मोजायचे नियम मुलांना लावले तर भीतीच भीती हाती येते. पेशी आडदांड, केंद्रकं वेडीवाकडी, विभाजनं भरपूर, आणि तरी गाठ काढल्यावर मूल ठणठणीत मोठं होतं, हे पुन्हापुन्हा दिसून आलंय. म्हणून २००३ साली वीनेके आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी वेगळ्या नऊ खुणा ठरवल्या. वजन ४०० ग्रॅमच्या वर, आकार साडेदहा सेंटिमीटरच्या वर, शिरेत शिरकाव, वेष्टनात शिरकाव, मेलेला भाग, अशा. दोनपर्यंत सापडल्या तर गाठ बहुधा सौम्य, चार किंवा जास्त तर मारक. तीन सापडल्या तर मधलं. मी त्या मुलीच्या २२ स्लाइड्स बघितल्या. मेलेला भाग होता, एक. विभाजनं ठरल्यापेक्षा जास्त, दोन. आणि एका स्लाइडच्या कोपऱ्यात पेशींची एक जीभ वेष्टनात घुसलेली, ती घुसली आहे की कापताना तशी दिसतेय हे ठरवायला मी त्या ब्लॉकचे आणखी सहा काप घेतले. सहाही कापांत ती होती. तीन.

त्या जिभेपाशी मी एक अख्खी दुपार बसले होते हे मी त्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे. अनिश्चित हा शब्द मी हात झटकून लिहिला नव्हता, हे त्यांना माहीत असावं म्हणून. आणि जमेची बाजूही सांगितली. गाठ १०० ग्रॅमच्या आत, अख्खी निघालेली, कुठे पसरलेली नाही, म्हणजे पहिली पायरी. मुलांच्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या पायरीवर नुसत्या ऑपरेशननंतर पाच वर्षं गाठ न उलटणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्के होतं. चौथ्या पायरीवर तेच ७ टक्के. हा दुसरा आकडा मी त्यांना सांगितला नाही. तो माझ्या मनात मात्र कायम असतो, कारण त्या मुलांच्याही बरण्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर येतात.

"त्या निरोपावर औषध नाही का?" वडिलांचा शेवटचा प्रश्न. कागदावरच्या रिसेप्टरवर बोट ठेवून. ते खरंच नीट ऐकत होते.

करून बघितलंय. २००८ साली ब्राझीलमधल्या संशोधकांना दिसलं, की मुलांच्या मारक गाठींमध्ये आयजीएफ-१ रिसेप्टरची पातळी चढलेली असते. म्हणजे निरोप सगळ्यांकडे सारखा, पण तो ऐकणारे कान काही गाठींमध्ये जास्त. प्रयोगशाळेत त्या रिसेप्टरला अडवणारं रसायन घातलं तर पेशींची वाढ मंदावली. मग मोठ्या माणसांमध्ये लिन्सिटिनिब नावाच्या गोळीची चाचणी झाली, १३९ पेशंट, निकाल २०१५ साली आले. ही गोळी घेणारे आणि औषध नसलेली साधी गोळी घेणारे, दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक पडला नाही. मोजक्या काही जणांची गाठ मात्र बराच काळ आवरली गेली. का त्यांचीच, हा प्रश्न मला सोडवत नाही. एक वाट बुजवली तर पेशी दुसरी धरते, हे एक उत्तर आहे. मुलांच्या गाठींत एफजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टरही चढलेले दिसतात. पण मला वाटतं, निरोप देणाऱ्याच्या मागे आपण जितके लागलो तितके रोखणाऱ्यांना परत उभं करायच्या मागे लागलो नाही. ते कितीतरी अवघड आहे, मला कळतं. असलेलं बंद करता येतं, गेलेलं परत आणायचं कसं? तरीही लहान मुलांसाठी तीच वाट शोधायला हवी असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला वाढायचंच आहे. त्याच्या अंगातला वाढीचा निरोप सरसकट दाबून टाकणं त्याला परवडणारं नाही.

ते दोघं गेले. ब्लॉकचा डबा आईने छातीशी धरला होता, काचेचं सामान धरतात तसा.

दुसरीकडचं मतही अनिश्चित असंच आलं. मुलगी दर तीन महिन्यांनी तपासणीला यायला लागली. उजवी ॲड्रिनल इतके दिवस डावीच्या हॉर्मोनखाली झोपून गेली होती, ती जागी होईपर्यंत तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या होत्या. त्या हळूहळू कमी करत थांबवल्या. गालांची सूज उतरली. मुरमं गेली. हे मला रक्ताच्या रिपोर्टांवरून आणि कधीमधी काउंटरवरच्या मुलाकडून कळत होतं.

दीड वर्षाने एकदा मी लॅबमधून बाहेर पडताना ती तिघं रक्त द्यायच्या रांगेत दिसली. मुलीला मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक, सावळी, समोरचा एक दात नुकताच हलायला लागलेला, तो जिभेने ढकलत उभी होती. आईने मला ओळखलं. काही बोलायच्या आधी तिने वाकून मुलीच्या फ्रॉकची खालची कड उलटी करून मला दाखवली. दुमड चांगली चार बोटं रुंद होती, आणि तिची शिवण अजून उसवलेली नव्हती.

"गेल्या वर्षीचाच आहे, मॅडम," ती म्हणाली.